नाव न घेता

पोराला तपासायला घेऊन आलेल्या आईला खोलीतून बाहेर काढणं हे येरागबाळ्याचं काम नव्हे. बाप निदान घड्याळ तरी बघतो. आई खुर्चीला चिकटून बसते. पण या कामात कंपाउंडरभाऊंचा हात धरणारा कुणी नव्हता. "काकू, आल्याच आहात तर तुमचं बीपीही बघून घेऊ या," असं ते इतक्या मायेनं म्हणत की काकू कधी उठल्या, बाहेरच्या बाकावर कधी बसल्या आणि मागचं दार कधी लागलं, हे काकूंनाही कळत नसे. बीपी बघून होईपर्यंत आतलं बोलणं उरकलेलं असे.

हा बाहेर काढण्याचा नियम डॉक्टरबाईंचा. बारा वर्षं पूर्ण झालेलं कुठलंही पोर आलं, मग ते तापानं फणफणलेलं असो की गुडघा फोडून आलेलं, की आधी सगळ्यांनी मिळून बोलायचं, मग मोठ्यांनी बाहेर जायचं आणि पोरानं एकट्यानं बाईंशी बोलायचं. नियम सरसकट सगळ्यांना. त्यामुळे दार लागलं म्हणून कुणी कुणाकडे वेगळ्या नजरेनं बघायचं कारण उरत नव्हतं. बाई म्हणत, "भाऊ, या वयात अंगात रोज काहीतरी नवं होत असतं, आणि विचारायला शहाणं माणूस नसतं. मग ही पोरं एकमेकांना विचारतात. विचारणारा अडाणी, सांगणारा त्याहून अडाणी. त्यापेक्षा माझं डोकं खाऊ देत."

आणि पोरं खात. ताप बाजूलाच राही. पाळी का येत नाही, आली तर इतकी का दुखते, आवाज मध्येच का फाटतो, मला मुलगी आवडली म्हणजे मी बिघडलो का, इथपासून ते जे प्रश्न आईबापांना जन्मात विचारता येणार नाहीत तिथपर्यंत सगळं त्या खोलीत निघे. बाई न हसता, न दचकता उत्तरं देत. कुणाला तपासायचं असेल तर आधी विचारत, आणि नको म्हटलं तर थांबत. दाराआडून ऐकू जाऊ नये म्हणून बाहेर रेडिओ लावलेला असे. त्याचा आवाज वाढवायचं कामही भाऊंचंच. दाराला कान लावणाऱ्या शिवणवाल्या काकूंना तर त्यांनी एकदा सगळ्यांदेखत विचारलं होतं, "काकू, कान दुखतोय का? नंबर लावू?" काकू महिनाभर फुगून बसल्या होत्या.

मग औषधाच्या खिडकीशी ते पोर येई. मुरमांचं मलम असो, लोहाच्या गोळ्या असोत, की मुलीला न मागता द्यायचं कागदात गुंडाळलेलं पॅडचं पाकीट असो, भाऊ ते खोकल्याच्या गोळीइतक्या सहज हातावर ठेवत. एवढ्या वर्षांत अमक्याच्या मुलीला काय झालं, तमक्याचा मुलगा कशाला आला होता, हे त्यांच्या तोंडून कुणाला कळलं नव्हतं. लोक फार खोदायला लागले तर ते आपल्या सुटलेल्या पोटावर हात ठेवून म्हणत, "हे उगीच वाढलंय होय? सगळ्या गल्लीचं यात ठेवलंय." हा त्यांचा अभिमान होता, आणि तो खोटाही नव्हता.

आता माणूस दिवसभर दुसऱ्यांचं पोटात ठेवून घरी येतो तेव्हा त्याला थोडं मोकळं व्हावंसं वाटणारच. भाऊ जेवताना मोकळे होत. पहिला घास घेतला की बायको विचारे, "काय, आज कोण?" आणि भाऊ म्हणत, "नाव न घेता हं." मग सुरू. एका पोरानं दाढी लवकर यावी म्हणून गाल रोज इतका खरवडला की सालटंच निघालं. एक मुलगी वर्षात वीतभर वाढली आणि म्हणते, डॉक्टर, थांबायचं औषध द्या, वर्गात मागे बसवतात. भाऊ नकला फार छान करत. गाल धरून बसलेलं पोर, मान खाली घालून उंची लपवणारी मुलगी, सगळं ताटावर बसल्या बसल्या हुबेहूब. बायकोला हसून हसून ठसका लागे. मुलगाही हसे. मुलाला ते साहेब म्हणत, कारण चालायला लागल्यापासून तो हात मागे बांधून चाले आणि घरभर पाहणी करत फिरे.

साहेब आता पंधरा वर्षांचे झाले होते, आणि गेल्या वर्षभरात हसायचे बंद झाले होते.

आधी पोहणं सुटलं. शाळेच्या पोहण्याच्या चमूत होता, शर्यतीत दुसरा-तिसरा यायचा, आणि एक दिवस म्हणाला, कंटाळा आला. मग घामाच्या धारा लागल्या तरी शर्टावर जाडं जाकीट आलं. न्हाणीघराची कडी आतून लागायची आणि बाहेरून हाका मारून घसा बसला तरी उघडायची नाही. जेवायला बसला की चार घासांत उठायचा. भाऊ म्हणाले, वयच असलं असतं. बायको म्हणाली, मुलगी असेल एखादी. दोघंही आपापल्या निदानावर खूश होते. दिव्याखाली अंधार म्हणतात तो काही उगीच नाही.

मग शाळेतून फोन आला. तो दवाखान्यातच आला, आणि उचलला भाऊंनीच. कवायतीच्या तासाला साहेब चक्कर येऊन पडले होते. श्वास लागला होता, आणि शिक्षकांनी जाकीट काढायला हात लावला तर त्यांचाच हात झिडकारून उठून बसले होते.

भाऊ धावत गेले आणि मुलाला घेऊन आले. रांगेला वळसा घालून, बाजूच्या दारानं, थेट बाईंसमोर. आणि सवयीनं स्वतः औषधाच्या ट्रेपाशी जाऊन उभे राहिले.

"काय साहेब, काय झालं?" बाईंनी विचारलं.

"काही नाही. ऊन होतं."

बाईंनी नाडी बघितली, डोळे बघितले, बोटाला यंत्र लावलं. मग नळी कानाला लावली आणि म्हणाल्या, "छाती तपासायची आहे. शर्टाची वरची बटणं काढतोस?"

मुलानं शर्टाची कॉलर मुठीत घट्ट धरली. "वरूनच बघा."

"अरे, बाईंपुढे कसली लाज?" भाऊ हसून म्हणाले. "जन्मलास त्या दिवशी उघडानागडा बघितलाय त्यांनी तुला!"

मुलानं बापाकडे बघितलं. त्या बघण्यात राग नव्हता. भाऊंना वाटलं, राग असता तर बरं झालं असतं. तो फक्त आणखी आक्रसून बसला.

"भाऊ," बाई म्हणाल्या, "तुम्ही बाहेर बसा."

"मी?" भाऊंना खरंच कळलं नाही. "बाई, मी तर आतलाच."

"आज तुम्ही बाप आहात. बाप बाहेर बसतात."

दार लागलं. भाऊ आयुष्यात पहिल्यांदा त्या बाकावर बसले. बाक इतका टोचतो हे त्यांना माहीतच नव्हतं. शेजारी शिवणवाल्या काकू धाकट्या मुलीला घेऊन बसलेल्या. त्यांनी भाऊंचा पडलेला चेहरा बघितला, बंद दार बघितलं आणि अगदी मायेनं विचारलं, "भाऊ, बसलाच आहात तर तुमचं बीपी बघू का?"

सगळा बाक हसला. भाऊही हसले, पण त्यांचं लक्ष दाराकडे होतं. आत काय चाललंय? नशापाणी तर नसेल? कुणी काही केलं तर नसेल माझ्या पोराला? हृदयाचं काही? ज्याचं जळतं त्याला कळतं, हे वाक्य त्यांनी कितीदा वापरलं असेल. ते खरंच जळतं हे आज समजलं. शेवटी राहवेना. ते उठले आणि म्हणाले, "औषधं लावायची राहिलीयत," आणि औषधाच्या खोलीकडे वळले.

"तिथून आतलं ऐकू येतं का हो?" काकूंनी सहज विचारलं.

भाऊंचा पाय तिथेच थबकला. औषधाची खोली आणि तपासायची खोली यांच्यामध्ये चिठ्ठी सरकवायची खिडकी होती. तिला झडप नव्हती. तिथून सगळं ऐकू येई. खाकरलेलं, कुजबुजलेलं, रडलेलं. ऐकू येई म्हणून तर जेवताना सांगता येई. जगातले सगळे कान त्यांनी दारापासून लांब ठेवले होते, आणि आपले दोन कान त्या हिशेबात कधी धरलेच नव्हते. ते परत येऊन बाकावर बसले.

दार लवकर उघडलं. फारच लवकर. मुलगा कुणाकडे न बघता पायऱ्या उतरून फाटकाशी जाऊन उभा राहिला.

"आत या," बाई भाऊंना म्हणाल्या, आणि आधी ती खिडकी त्यांनी एका जाड पुठ्ठ्यानं झाकली. मग बोलल्या. "काही बोलला नाही तो. तपासूही दिलं नाही. मला इतकंच दिसतंय की पोर श्वास अर्धाच घेतंय. आजच्या आज धोका नाही, पण असं चालायचं नाही. मला त्याला तपासायला हवं. आणि जबरदस्तीनं शर्ट काढला तर हा मुलगा पुन्हा कुठल्याही दवाखान्याची पायरी चढणार नाही. आज नाही, मोठा झाल्यावरही नाही."

"मी सांगतो त्याला. दोन लगावल्या की—"

"भाऊ, ऐका. एकच गोष्ट बोलला. ती तुम्हाला सांगू का, असं मी त्याला विचारलं. सांगा म्हणाला, म्हणून सांगतेय. म्हणाला, इथे बोललेलं आमच्या घरी जेवताना ऐकू येतं."

भाऊंच्या कानशिलात बसली. "बाई, आजवर एकाचं जरी नाव घेतलं असेल तर जीभ झडेल माझी!"

"तेही सांगितलं त्यानं. बाबा नाव कधीच घेत नाहीत, असं आवर्जून म्हणाला. तुमची बाजूच घेत होता तो."

कुणी आरोप केला असता तर ते भांडले असते. पण पोरगं आपली बाजू घेत होतं, आणि आपल्याला घाबरत होतं, दोन्ही एकदमच. त्यांचे डोळे भरून आले आणि त्यांना त्याचीही लाज वाटली.

"चूक एकट्या तुमची नाही," बाई म्हणाल्या. "मी दाराचं बघितलं, खिडकीचं नाही बघितलं. माझीही अक्कल तोकडी पडली. पण आता त्याच्यापुरतं काय करायचं ते तुम्हालाच करावं लागेल. इथला कंपाउंडर म्हणून म्हणा, नाहीतर बाप म्हणून."

दुपारी घरी बायको वाळलेल्या कपड्यांच्या घड्या घालत होती. मुलगा आपल्या खोलीत, दार लावून. भाऊंनी हळू आवाजात सगळं सांगितलं. बायको आधी उसळली, "म्हणजे आता घरात हसायचंही नाही?" मग तिचं तिलाच काहीतरी आठवलं आणि घडी अर्धवट हातात राहिली.

"अहो, तो छातीचा किस्सा," ती म्हणाली.

"कुठला?"

"मागच्या वर्षीचा. तो मुलगा हो, आईनं आणलेला. छाती दुखते म्हणून आला आणि निघालं काय तर... तुम्ही उशी लावून नक्कल केली होती. म्हणालात, याला औषध कशाला, शिंपी बघा म्हणावं! मी किती हसले. हा उठून गेला होता ताटावरून. पोट दुखतं म्हणाला."

भाऊंना आठवलं. बारीकसारीक सगळं आठवलं. चौदा-पंधराचं पोर, एका बाजूला छाती थोडी सुजल्यासारखी वाढलेली, हात लावला की दुखायची. वर्गातली मुलं त्याला मुलीच्या नावानं हाका मारायची. खिडकीतून ऐकताना भाऊंना शिंप्याचा विनोद सुचला होता आणि दिवसभर तो त्यांनी रात्रीच्या जेवणासाठी जपून ठेवला होता.

"आणि त्याच्या कपाटामागे त्या पट्ट्या वाळत असतात," बायको सावकाश म्हणाली. "मुरगळलेल्या पायाला बांधतात तसल्या, ताणणाऱ्या. दोन-दोन. मी विचारलं तर म्हणाला, गुडघा दुखतो."

किती गुडघ्यांना भाऊंनी तसली पट्टी बांधली होती. एका गुडघ्याला दोन लागत नाहीत. दोन लागतात त्या छातीभोवती, आणि तिथे आवळून बांधल्या तर माणसाला श्वास अर्धाच घेता येतो. ते कपड्यांच्या ढिगावरच बसले.

आणि मग त्यांना त्या किश्श्याचा उरलेला अर्धा भाग आठवला. बाईंनी त्या पोराला सांगितलं होतं, आणि खिडकीतून भाऊंनी नीट ऐकलं होतं: अरे, हे या वयात दहातल्या पाच मुलांना होतं. वाढीचा भाग आहे. बहुतेकांचं वर्ष-दोन वर्षांत आपोआप उतरतं. तू मुलगाच आहेस आणि तुझ्या अंगात काही चुकलेलं नाही. हे भाऊंना माहीत होतं. वर्षभर माहीत होतं. पण त्या भागात हसण्यासारखं काही नव्हतं, म्हणून तो त्यांनी जेवताना सांगितलाच नव्हता. त्यांच्या मुलाच्या पदरात फक्त पहिला अर्धा पडला होता, उशीसकट, शिंप्यासकट.

भाऊ ताडकन उठले. "आत्ता सांगतो जाऊन. म्हणतो, वेड्या, यात काही नसतं!"

"थांबा," बायकोनं हात धरला. "एक तर आपण नुसता अंदाज बांधतोय. आणि अंदाज खरा असला तर? तुमच्या तोंडून ऐकल्यावर त्याला काय वाटेल? ज्या तोंडानं हसलात त्याच तोंडानं समजूत घालणार? मीही जाऊ शकत नाही. मीही हसलेय." तिनं त्यांना पुन्हा खाली बसवलं. "त्याला बाईंशीच बोलू दे. बाई हसल्या नव्हत्या."

भाऊ हाताशी आलेल्या शर्टाची घडी घालू लागले. एक वाक्य जिभेवर होतं. ते बोललं की पोराचं वर्षभराचं ओझं उतरलं असतं, आणि ते बोलायचा हक्क मात्र त्यांनी स्वतःच्याच जिभेनं घालवला होता. उचलली जीभ लावली टाळ्याला, एवढंच करत आलो आपण, असं त्यांच्या मनात आलं. शेवटी ते मुलाच्या दारापाशी गेले. दार ठोठावलं नाही. बाहेरच उभं राहून बोलले.

"साहेब, उद्या मी दवाखान्यात जाणार नाही. सुट्टी टाकलीय. औषधाच्या खोलीला कुलूप असेल, किल्ली इथे माझ्याकडे. खिडकी बाईंनी बंद केलीय. तुला जावंसं वाटलं तर जा, नाही वाटलं तर नको जाऊस. बाई मला काही सांगणार नाहीत आणि मी विचारणार नाही. त्यांनाही नाही, तुलाही नाही." ते थांबले. "आणि दवाखान्यातलं घरी सांगणं आजपासून बंद. नाव घेऊन नाही, न घेताही नाही. मी हसायला नको होतं रे."

कशाला हसायला नको होतं, ते त्यांनी सांगितलं नाही.

दुसऱ्या दिवशी भाऊ घरी बसले आणि घराला वात आणला. डबे पुसले, नळाचा वायसर बदलला, तो आधीपेक्षा जास्त गळायला लागला. बायको म्हणाली, "तुमची ही सुट्टी मला परवडायची नाही." सकाळी उशिरा मुलगा चपला घालून बाहेर पडला. कुठे जातोस, हे शब्द भाऊंच्या ओठांपर्यंत आले आणि त्यांनी ते गिळले. दुपारी तो परत आला, पाणी प्यायला, खोलीत गेला. चेहऱ्यावरून काही कळेना. अंगात जाकीट होतंच. ज्या माणसाला अख्ख्या गल्लीच्या पोटातलं ठाऊक होतं, त्याला आपलं पोर दवाखान्यात गेलं होतं की नाक्यावर बसून आलं, एवढंही ठाऊक नव्हतं.

तिसऱ्या दिवशी भाऊ कामावर गेले. बाई उन्हाबद्दल बोलल्या, संपत आलेल्या कापसाबद्दल बोलल्या. साहेबांचा विषय त्यांनी काढला नाही. भाऊंनी दोनदा तोंड उघडलं आणि दोनदा मिटलं. सुताराला बोलावून त्यांनी खिडकीला सरकती फळी बसवून घेतली, आणि पोर आत एकटं असलं की ते औषधाच्या खोलीतून उठून बाहेर रेडिओपाशी येऊन बसू लागले. शिवणवाल्या काकूंनी विचारलं, "काय भाऊ, हल्ली आमच्यात?" ते म्हणाले, "हवा चांगली लागते इथे."

घरचं जेवण मात्र अवघड होऊन बसलं. पहिले काही दिवस तर परीक्षेच्या वर्गासारखे गेले. बायको पूर्वीच्या सवयीनं म्हणे, "काय, आज को..." आणि गप्प होई. दुसऱ्यांच्या पोरांच्या गोष्टी काढून टाकल्यावर आपल्याकडे बोलायला काही शिल्लकच नाही, हे त्या नवरा-बायकोला तेव्हा कळलं. मग हळूहळू नळाबद्दल बोलणं निघालं, भाऊंच्या दुरुस्तीच्या हौसेबद्दल निघालं, आणि एकदा मुलगाच म्हणाला की नळ उलटा पिळलाय, म्हणून गळतोय. भाऊंनी मुकाट्यानं पाना त्याच्या हातात दिला. नळ थांबला. जाकीट कधी गेलं ते मात्र कुणाच्या लक्षात आलं नाही. बायकोच्या लक्षात आलं असेलही. ती बोलली नाही.

रविवारी सकाळी भाऊ खिडकीशी बसून नखं कापत होते. मुलगा येऊन मागे उभा राहिला. हातात मलमाची नळी होती. ती भाऊंनी लांबूनच ओळखली. कातडी सोलवटल्यावर द्यायची, बाईंच्या टेबलाच्या खणातली. म्हणजे पोर गेलं होतं. भाऊंना इतकं हलकं वाटलं की हातातलं नेलकटर खाली पडलं.

"पाठीला हात पोचत नाही," मुलगा म्हणाला.

तो पाठमोरा बसला आणि त्यानं शर्ट काढला. पट्ट्या जिथे आवळल्या होत्या तिथे पाठीवर आडवे लाल पट्टे उठले होते. काही ठिकाणी खपल्या धरल्या होत्या, काही अजून ओले होते. वर्षभर हे पोर घरात आपल्यासमोर वावरत होतं आणि शर्टाखाली हे होतं. भाऊंनी मलम बोटावर घेतलं. सगळ्यात वरच्या पट्ट्यापासून सुरुवात केली.

"विचारणार नाही?" मुलानं मान न वळवता विचारलं.

"नाही."

मुलगा वळून बसला. भाऊंनी नजर त्याच्या तोंडावर ठेवली, तिथून ती हलू दिली नाही.

"दहातल्या पाच मुलांना होतं म्हणे," मुलगा म्हणाला. "आपोआप जातं. बांधायचं नसतं. बाईंनी औषधसुद्धा दिलं नाही त्याला, हे मलम फक्त."

आता हो का, एवढं म्हटलं असतं तरी चाललं असतं. पहिल्यांदाच ऐकतोय असा चेहरा करणं भाऊंना अवघड नव्हतं. नकला त्यांना चांगल्या येत. पण त्यांना ते जमेना.

"मला माहीत होतं," ते म्हणाले. "त्या मुलाला बाईंनी सांगितलं तेव्हाच ऐकलं होतं."

मुलगा त्यांच्याकडे बघत राहिला. "मग ते का नाही सांगितलंत? तेवढं सांगितलं असतं तर..."

"त्यात हसण्यासारखं काही नव्हतं, म्हणून."

याहून वाईट उत्तर बापानं मुलाला दिलं नसेल. पण खरं तेवढंच होतं. मुलानं ते ऐकलं, नळीचं टोपण फिरवलं, पुन्हा उघडलं. तो आता उठून जाईल असं भाऊंना वाटलं, आणि गेला असता तर त्यांनी त्याला थांबवलंही नसतं.

तो उठला नाही. पुन्हा पाठ त्यांच्याकडे करून बसला.

"खालच्या पट्ट्यावर राहिलंय," तो म्हणाला. "तिथे लावा."